जाब विचारणारी बाई

प्रिया तेंडुलकर हे नाव आमच्या सुरतेच्या डिंडोलीतल्या विशीच्या मुलींना सांगितलं, तर त्यांना ते ओळखीचं वाटत नाही. 'रजनी' म्हटलं की मात्र त्यांच्या आया हातातलं काम थांबवून बोलायला लागतात. नटीचं नाव मागे पडलं आणि तिनं रंगवलेली बाई लक्षात राहिली. नटीच्या दृष्टीनं हा मोठाच मान आहे, पण त्या नावामागचं आयुष्यही आपण विसरू नये, म्हणून हे लिहिते आहे.

प्रियाताईंचा जन्म 19 ऑक्टोबर 1954 चा. वडील नाटककार विजय तेंडुलकर. घरात नाटक होतंच. गिरीश कर्नाडांच्या 'हयवदन'मध्ये त्यांनी बाहुलीचं काम केलं. श्याम बेनेगलांच्या 'अंकुर'मध्ये (1974) त्या अनंत नागच्या बायकोच्या भूमिकेत दिसल्या. पण थोर बापाची मुलगी म्हणून सगळं आयतं मिळालं, असं नव्हतं. पंचतारांकित हॉटेलात रिसेप्शनिस्ट, विमानात हवाई सुंदरी, मॉडेलिंग, बातम्या वाचणं, अशी पोटापाण्याची कामं त्यांनी केली. पुढे 'गोंधळात गोंधळ', 'थोरली जाऊ', 'मुंबईचा फौजदार' असे मराठी सिनेमे आले. लोक ओळखू लागले होते, पण घराघरांत पोचवलं ते 1985 सालच्या 'रजनी' या टीव्ही मालिकेनं.

टीव्हीला रंग येऊन तेव्हा तीनच वर्षं झाली होती. 1984 साली 'हमलोग' सुरू झाली आणि मालिकेची गोडी देशाला लागली. 'हमलोग'मध्ये अख्खं कुटुंब होतं. दिग्दर्शक बासू चॅटर्जींनी 'रजनी'त मालिकेचा सगळा भार एका गृहिणीवर टाकला. ती कुणी कलेक्टर नव्हती की वकील नव्हती. साधी साडी नेसणारी, घर सांभाळणारी बाई. गॅसवाला अडवतो, टॅक्सीवाला भाडं नाकारतो, कचेरीतला कारकून उद्या या म्हणतो, आणि ती तिथेच उभी राहून विचारते, का? नियम कुठे लिहिलाय? भाग इतके झोंबले की टॅक्सीचालक आणि गॅस वितरक दोघांनीही निषेध केला. आपल्याच वागण्याचं चित्र पडद्यावर पाहून माणसं चिडली, याचा अर्थ चित्र खरं उतरलं होतं.

मी तेव्हा सुरतेतच उधन्याला राहणारी शाळकरी पोर. वडील खानदेशातून येऊन लूमवर कामाला लागलेले. गल्लीत एकाच घरी टीव्ही, आणि रविवारी सकाळी त्या घराच्या उंबऱ्यापर्यंत आम्ही दाटीवाटीनं बसायचो. आईला हिंदी जेमतेम कळायचं, पण रजनीनं काऊंटरवर हात ठेवला की आई सरसावून बसायची. परप्रांतात आलेल्या माणसाला गप्प राहायची सवय लागते. ‘आपण बाहेरचे, आपण कशाला बोला’ हे वाक्य मी घरात कितीदा ऐकलंय. त्या वाक्यापुढे रजनी फार मोठ्यानं बोलत होती.

पडद्यावर अशीच वाट पाडणारी एक नटी अमेरिकेत होऊन गेली. डायहान कॅरोल तिचं नाव. तिथल्या टीव्हीवर त्याआधी काळ्या बाईला काम मिळायचं ते बहुतेक मोलकरणीचं. 1968 साली 'ज्युलिया' मालिका आली आणि कॅरोल त्यात नर्स झाली. व्हिएतनाममध्ये नवरा गमावलेली, लहान मुलाला एकटीनं वाढवणारी, शिकलेली नोकरदार बाई. मालिकेचं नावच तिच्या नावावर. कॅरोलला त्यासाठी गोल्डन ग्लोब मिळालं, पण टीकाही झाली. काळ्या माणसांचं खरं जगणं इतकं नीटनेटकं कुठे आहे, असा लोकांचा सवाल होता. त्या ताणानं ती थकली आणि 1971 ला मालिका संपली.

'रजनी'वरही तसाच आक्षेप घेता येतो. अर्ध्या तासात कुणाचा प्रश्न सुटतो? खरी लढाई लांबच असते. बिंदुमाधव जोशींनी पुण्यात 1974 साली ग्राहक पंचायत उभी केली. अशा अनेकांच्या चिकाटीनंतर 1986 च्या डिसेंबरात ग्राहक संरक्षण कायदा आला. तो एका मालिकेनं आणला नाही. पण कायदा वापरायला आधी तोंड उघडावं लागतं. घरातल्या बाईनं चारचौघांत तोंड उघडणं म्हणजे भांडखोरपणा नव्हे, हे रजनीनं लाखो घरांत एकाच वेळी दाखवलं. हे काम कायद्याच्या पुस्तकाला जमत नाही.

आमच्या गल्लीत बायका घरबसल्या साड्यांना लेस लावतात, टिकल्या चिकटवतात. हिशेब नगावर. मध्यंतरी ठेकेदारानं डागाचं कारण सांगून शेजारणीचे पैसे कापले. तिनं गठ्ठा तिथेच सोडायला लावला. “डाग कथा शे, दखाडा बरं!” डाग कुठे आहे ते दाखवा, म्हणाली. एकेक साडी उलगडून झाली, डाग काही निघाला नाही, आणि कापलेले पैसे त्याला द्यावे लागले. या पोरीनं 'रजनी' पाहिलेली नाही. तिच्या आईनं पाहिली आहे.

प्रियाताई मात्र रजनीतच अडकून पडल्या नाहीत. वडिलांनी लिहिलेल्या 'स्वयंसिद्धा' मालिकेत त्यांनी काम केलं, 'प्रिया तेंडुलकर शो'मध्ये माणसांना बोलतं केलं. 'ज्याचा त्याचा प्रश्न', 'जन्मलेल्या प्रत्येकाला' असे कथासंग्रह लिहिले. 'रजनी'तल्या नवऱ्याची भूमिका करणाऱ्या करण राझदान यांच्याशी लग्न झालं, पण ते टिकलं नाही. 2001 साली भाऊ राजा आणि आई निर्मलाताई दोघेही गेले. स्वतः कर्करोगाशी झुंजत असताना 19 सप्टेंबर 2002 रोजी हृदयविकारानं त्या गेल्या. वय अवघं सत्तेचाळीस. मुलगा, पत्नी आणि मुलगी यांच्यामागे विजय तेंडुलकर 2008 पर्यंत जगले.

टीव्हीवर आज बायकांच्या मालिकांना तोटा नाही. शालू नेसून एकमेकींविरुद्ध कट करणाऱ्या नायिका रोज संध्याकाळी भेटतात. त्यांतल्या कितीजणींना गॅसची टाकी वजन करून घ्यावी लागते, रेशनच्या रांगेत उभं राहावं लागतं? कॅरोल आणि प्रियाताई पायाचे दगड ठरल्या त्या यासाठी, की त्यांच्या आधी अशा बाईला पडद्याच्या मधोमध जागा नव्हती आणि त्यांनी ती मिळवून दिली. ती जागा पुन्हा रिकामी पडली असेल, तर मालिका लिहिणाऱ्यांना आणि दाखवणाऱ्यांना त्याचा जाब आपण प्रेक्षकांनीच विचारायला हवा.