टॉवर जवळ बरा की दूर?

आपल्या वणीसारख्या गावात शाळेजवळ मोबाईलचा टॉवर उभा राहायला लागला, की "हटवा तो इथून" अशी मागणी होते. अन् तेच लोक घरी "रेंज नाही येत" म्हणून गच्चीवर चढतात. या दोन तक्रारी एकमेकींशी जोडलेल्या आहेत.

मोबाईल म्हणजे छोटा रेडिओ. तो ऐकतो तसा बोलतोही, आणि किती जोरात बोलायचं हे टॉवर त्याला सांगत असतो. शेवटच्या बाकावर ऐकू जावं म्हणून आपण आवाज चढवतो ना, तसंच. टॉवर दूर असला, मध्ये टिनाचं छप्पर आलं, की फोन ताकद वाढवतो. जुना २जी फोन २ वॅटपर्यंत, ४जी साधारण ०.२ वॅटपर्यंत. रेंज कमी असली की बॅटरी भराभर उतरते ती याचमुळे.

टॉवरची ताकद कितीतरी जास्त, हे खरंच. पण मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की लहरींची तीव्रता चौथाई होते. फोन मात्र कानाला चिकटलेला! म्हणजे टॉवर गावाबाहेर घालवला, तर डोक्याजवळचा फोन उलट जास्त जोर लावणार.

मग कॅन्सरचं काय? जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०११ साली या लहरी 'कदाचित कर्करोगकारक' गटात टाकल्या. म्हणजे शंका आहे, सिद्ध झालेलं नाही. क्ष-किरणांसारखे रेणू तोडण्याइतकी ऊर्जा त्यांच्यात नसते. नक्की माहीत असलेला परिणाम म्हणजे शरीर किंचित तापणं. तरी भारताने १ सप्टेंबर २०१२ पासून टॉवरची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश केली. फोनसाठी मर्यादा किलोला १.६ वॅट. आपल्या फोनचा आकडा पाहायचा तर *#०७# दाबा, बहुतेक फोनवर दिसतो. टॉवरबद्दल शंका असेल तर सरकारच्या 'तरंग संचार' पोर्टलवर ठरावीक शुल्क भरून मोजणी मागता येते. मोर्चापेक्षा हे मला बरं वाटतं.

रेंज एकच कांडी असताना लांबलचक बोलणं टाळा, नाहीतर स्पीकर लावा. फोन हातभर दूर गेला तरी पुष्कळ फरक पडतो.

वर्गासाठी उपक्रम: फोनच्या सेटिंगमध्ये सिग्नलचा आकडा उणे चिन्हासह दिसतो. तो वर्गात, टिनाच्या शेडखाली आणि मैदानात मुलांना लिहून घ्यायला लावा. उणे ८० आणि उणे ११० यांत ३० चा फरक दिसतो, पण प्रत्येक १० ला दहापट, म्हणजे प्रत्यक्षात हजारपट! सातवी-आठवीच्या घातांकाला याहून चांगलं उदाहरण सापडणार नाही.