निलंगा ते कृष्णामूळ : मोटार आणि राहुटी यांतील नऊ दिवस

आमच्या भागात उन्हाळ्यात हौसेने प्रवास करण्याची चाल नाही. लग्नकार्य असेल, तुळजापूरचे दर्शन असेल, किंवा कोणाच्या तेराव्यास जावयाचे असेल, तर मनुष्य वैशाखात घराबाहेर पडतो. एरवी दारे-खिडक्या लोटून, माठाजवळ बसून, मृगाची वाट पाहतो. त्यामुळे साठी उलटलेले एक दांपत्य आपल्या लहानशा मोटारीत राहुटी, स्टोव्ह आणि चार भांडी घालून डोंगर व तळी पाहावयास निघणार, ही वार्ता नीलकंठेश्वराच्या देवळापासून बसस्थानकापर्यंत पोहोचण्यास एक दिवसही पुरेसा झाला. शास्त्राचा आधार विचारणाऱ्यांस आम्ही मनूकडे बोट दाखविले. वानप्रस्थास निघणाऱ्या गृहस्थास त्याने दोन मार्ग दिले आहेत : पत्नीस पुत्रांच्या स्वाधीन करावे, अथवा तिच्यासह वनात जावे. आमचे चिरंजीव पुण्यास दोन खोल्यांत राहतात. तेव्हा पहिला मार्ग आपोआपच मिटला होता.

परंतु हा सर्व विनोदाचा भाग झाला. या प्रवासाचे बीज २०१६ सालच्या उन्हाळ्यात पडले होते. त्या वर्षी मांजरेवरील धनेगावचे धरण कोरडे पडले आणि लातूर शहरास रेल्वेने पाणी आणावे लागले, हे वाचकांस स्मरत असेलच. १२ एप्रिल रोजी मिरजेहून पहिली गाडी आली. दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर पाणी. पुढे पन्नास वाघिणींच्या गाडीतून खेपेस पंचवीस लाख लिटर येऊ लागले. आम्ही उभयता त्या दिवसांत लातुरास कन्येकडे होतो. गल्लीत टँकर आला की सौभाग्यवती कळशी घेऊन रांगेत उभ्या राहत. एके दिवशी भरलेली कळशी ओट्यावर ठेवून त्या म्हणाल्या, ''अहो, हे कृष्णेचं पाणी म्हणतात. ती निघते तिथं उन्हाळ्यातसुद्धा एवढं पाणी असतं का हो?'' भूगोल हा आमच्या शिकविण्याचा विषय. आम्ही उत्तर दिलेही. पण नकाशावरून दिलेल्या उत्तराने त्यांचे समाधान झाले नाही, आणि खरे सांगावयाचे तर आमचेही झाले नाही.

तेव्हा मार्ग ठरला तो असा की, ज्या वाटेने पाणी आले त्या वाटेने उलट जावयाचे. निलंगा, औसा, तुळजापूर, सोलापूर, मिरज, कऱ्हाड, कोयनानगर, सातारा, बामणोली आणि शेवटी महाबळेश्वर. मार्गाविषयी घरात मतभेद झाला नाही. मतभेद झाला तो राहुटीविषयी.

ज्यांनी ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आमच्या भागात काढली नाही, त्यांस हे थोडे उलगडून सांगितले पाहिजे. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती विसर्जन करून लोक उशिरा निजले होते. पहाटे चारला चार मिनिटे कमी असता भूकंप झाला. किल्लारी, सास्तूर आणि भोवतालची गावे दगडमातीच्या जाड भिंतींखाली गाडली गेली. हजारो माणसे झोपेतच गेली. निलंग्यास आमचे घर उभे राहिले, परंतु आत निजण्याचे धैर्य कोणासही होईना. कित्येक आठवडे आम्ही अंगणात ताडपत्रीच्या आडोशाला निजलो. भाद्रपद-आश्विनाचा पाऊस वरून, खाली चिखल, कडेला पाच वर्षांची मुलगी, आणि मधूनमधून जमिनीखालून येणारा तो गडगडाट. तेव्हापासून 'तंबू' हा शब्द आमच्या घरात करमणुकीच्या अर्थाने कधी उच्चारला गेला नव्हता. शहरातील तरुण मंडळी पैसे मोजून तंबूत राहावयास जातात, हे ऐकून सौभाग्यवती प्रथम हसल्या आणि मग बराच वेळ गप्प राहिल्या. ''मी येते,'' त्या अखेरीस म्हणाल्या, ''पण नाही झोप आली तर मोटारीत निजेन. आग्रह करायचा नाही.'' आम्ही ती अट मान्य केली.

साहित्याविषयी दोन शब्द लिहितो, कारण आमच्या वयाच्या वाचकांस ते उपयोगी पडतील. राहुटी दोघांची म्हणून विकतात ती दोघांस अपुरी पडते, तिघांची घ्यावी. खाली अंथरावयास जाड ताडपत्री निराळी असावी. गुडघे दुखणाऱ्या माणसाने जमिनीवर निजण्याचा पराक्रम न करता घडीची लाकडी खाट न्यावी; ती राहुटीत मावते की नाही, हे घरच्या अंगणातच पाहून घ्यावे. पाण्याचे दोन डबे, मेणबत्त्यांऐवजी विजेरी, मेतकूट, भाजणी, लोणचे, गुळाच्या दशम्या. स्टोव्ह राहुटीच्या आत पेटवू नये, हे सांगणे नलगे, तरी सांगतो. आणि कोणाच्याही रानात मालकास विचारल्याशिवाय मेख ठोकू नये. विचारले असता बहुधा कोणी नाही म्हणत नाही.

तुळजापूरपर्यंतचा रस्ता परिचयाचा. खरोशाची लेणी आणि औशाचा किल्ला आम्ही विद्यार्थ्यांच्या सहलींबरोबर इतक्यांदा पाहिला आहे की मोटार थांबविली नाही. तुळजापूरपुढे घाट उतरतो, तेथे मात्र मुद्दाम उतरलो. हा बालाघाटाचा कडा. याच्या मागील पावसाचे पाणी तेरणेतून मांजरेस आणि मांजरेतून गोदावरीस जाते. पुढील पाणी भीमेस आणि भीमेतून कृष्णेस मिळते. निसर्गाने घातलेला हा बांध ओलांडून त्या वर्षी रेल्वेने पाणी आणले, तेही एका जुन्या मार्गाने. बार्शी लाइट रेल्वेची चिमुकली गाडी १९११ मध्ये लातुरास आली आणि १९२७ मध्ये मिरजेस पोहोचली. तोच मार्ग पुढे रुंद झाला. कापूस व धान्य वाहण्यासाठी घातलेल्या रुळांवरून एक दिवस पाणी वाहावे लागेल, हे ती घालणाऱ्यांच्या स्वप्नातही नसेल. सोलापूरच्या अलीकडे हिप्परग्याचा तलाव लागला. पाणी खोल मागे हटलेले, कडेचा गाळ भेगाळलेला. असला तलाव आमच्या ओळखीचाच. दोन मिनिटे पाहून पुढे गेलो.

मिरजेस कृष्णेच्या काठी सायंकाळी पोहोचलो. नदी संथ, रुंद, आणि वैशाखात वाहती. सौभाग्यवतींनी पायरीवर बसून पाय पाण्यात सोडले आणि अर्धा घटका त्या तशाच बसून राहिल्या. आम्ही शेजारी बसलो. कोणी काही बोलले नाही.

कऱ्हाडचा प्रीतिसंगम प्रसिद्धच आहे. कृष्णा आणि कोयना दोघीही महाबळेश्वरी उगम पावून, सह्याद्रीच्या दोन निरनिराळ्या खोऱ्यांतून वळसे घेत, येथे समोरासमोर येऊन मिळतात. म्हणजे मिरजेच्या पाण्यात कोयनेचाही वाटा आहे, हे तेथे उभे राहिल्यावर बोट दाखवून सांगता येते. मग कोयनेच्या काठाने पाटणवरून कोयनानगरास गेलो. धरण १०३ मीटर उंच. १९६० नंतरच्या दशकात त्यात पाणी अडले. भिंतीवर जाऊ देत नाहीत, समोरच्या बागेतून पाहावे लागते. या धरणाचे बरेचसे पाणी बोगद्यांवाटे सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेस सोडतात. ते वीज निर्माण करून कोकणातील वाशिष्ठीस आणि तेथून समुद्रास मिळते. विजेवाचून चालत नाही, हे आम्ही जाणतो. तरीही कळशी घेऊन रांगेत उभ्या राहिलेल्या माणसास ते ऐकताना काही तरी टोचते, एवढे लिहिणे भाग आहे.

येथेही ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे भूकंप झाला होता आणि पावणेदोनशेहून अधिक माणसे दगावली. जलाशयाच्या पाण्याचा या भूकंपांशी संबंध आहे, असे शास्त्रज्ञांचे मत असून लहान धक्के अद्यापि बसतात. हे आम्ही सौभाग्यवतींस आधी सांगितले नव्हते. बागेतील वयस्क माळ्याने सांगितले. ''म्हणजे आपण एका भूकंपाच्या गावाहून दुसऱ्या भूकंपाच्या गावी आलो,'' एवढेच त्या म्हणाल्या. त्या रात्री आम्ही राहुटी उघडली नाही. पक्क्या छपराखाली निजलो.

दुसरे दिवशी साताऱ्यावरून कासच्या पठारावर चढलो. फुलांचे दिवस श्रावण-भाद्रपदाचे, त्यामुळे पठार करपलेले. कासचा तलाव मात्र निळा होता. सातारा शहर याच तलावाचे पाणी पिते. पठार संपून रस्ता खाली बामणोलीस उतरू लागला, आणि एका वळणावर शिवसागर एकदम दृष्टीस पडला. कोयनेच्या धरणाचेच हे मागचे पाणी. डोंगरांच्या खोबणींतून मैलोगणती पसरलेले. पलीकडे वासोट्याचा डोंगर आणि व्याघ्र प्रकल्पाचे अरण्य. तिकडे नावेने दिवसा जाता येते, रात्री मुक्काम करण्यास बंदी आहे. ती योग्यच आहे. अलीकडच्या काठी एका शेतकऱ्याने आपल्या बांधावर राहुटी ठोकू दिली. पाणी उतरले होते, काठाशी लाल मातीचा रुंद पट्टा उघडा पडला होता. त्यात एके ठिकाणी दगडी जोत्याच्या रेषा दिसत होत्या.

''तिथं आमचं घर व्हतं, गुरुजी,'' तो म्हणाला. ''आज्याचं. भाताची खाचरं त्याच्याबी खाली. उन्हाळ्यात पाणी हटलं की जोतं दिसतं. मग आई जाऊन हळदकुंकू वाहती.''

सौभाग्यवतींनी त्यास लातूरच्या रेल्वेची हकीकत सांगितली. तो ऐकत राहिला आणि म्हणाला, ''म्हंजे आमचंच पाणी प्यालात की, काकू!'' त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती, कौतुक होते. पण सौभाग्यवतींस पुढे बोलवेना. सायंकाळी त्या त्याच्या आईबरोबर खाली उतरून त्या जोत्यापर्यंत जाऊन आल्या.

त्या रात्री त्या राहुटीत निजल्या. मध्यरात्रीनंतर वळवाचा वारा सुटला. राहुटी एका बाजूने दबली, काठ्या करकरल्या, आणि डोंगरापलीकडून गडगडाट ऐकू आला. आमचे मनगट घट्ट धरून त्या ओरडल्या, ''अहो, उठा! जमीन हलायली!'' एवढ्या वर्षांत हे वाक्य आम्ही विसरलो नव्हतो. त्याच स्वरात, त्याच शब्दांत ते १९९३ साली ऐकले होते. आम्ही विजेरी लावली आणि त्यांचा तळहात ताडपत्रीवर ठेवला. खालची जमीन स्तब्ध होती. हलत होते ते केवळ कापड. तळहात तसाच ठेवून त्या बराच वेळ बसल्या. मग पाऊस आला. दाराची पट्टी थोडी उघडून आम्ही पाहत राहिलो; विजेच्या उजेडात सारा जलाशय क्षणभर पांढरा होई आणि पुन्हा नाहीसा होई. पाऊस थांबताच मेखा पुन्हा ठोकण्यासाठी आम्ही बाहेर गेलो. परत येऊन पाहतो तो त्या कुशीवर वळून गाढ निजल्या होत्या. सकाळी सात वाजून गेले तरी उठल्या नाहीत. असे आमच्या संसारात फारसे घडलेले नाही.

पुढे तापोळ्यास दोन रात्री त्याच जलाशयाच्या काठी राहुटीतच काढल्या आणि मोटारीत निजण्याची अट कोणासही आठवली नाही. तेथून घाट चढून महाबळेश्वर. बाजार व वेण्णा तलावावरील नौकांची गर्दी यांविषयी लिहिण्यासारखे काही नाही. जुन्या महाबळेश्वरी पंचगंगेच्या देवळात कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री व गायत्री यांचे उगम मानतात. पाणी दगडी गोमुखातून कुंडात पडते. वैशाखात त्याची धार बोटाएवढी होती. ज्या डोंगरावर वर्षास साडेपाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, तेथेही उन्हाळ्यात गोमुखाची धार एवढीच! सौभाग्यवतींनी ओंजळ धरली. ती भरावयास काही वेळ लागला. २०१६ सालच्या त्यांच्या प्रश्नाचे उत्तर त्यांच्या ओंजळीत होते. आम्ही त्यावर भाष्य केले नाही.

परतीचा प्रवास फलटण-पंढरपूरवरून दोन दिवसांत झाला. राहुटी उन्हात वाळवून माळ्यावर ठेवली होती. परवा गल्लीतील एक निवृत्त तलाठी व त्यांची पत्नी ती मागावयास आली. दिवाळीनंतर त्यांस नळदुर्गाकडे जावयाचे आहे. सौभाग्यवतींनी ती अंगणात उघडून, मेखा तिरप्या कशा ठोकाव्या हे दोघांस दोनदा करून दाखविले, आणि वारा सुटला तर आधी जमिनीस हात लावून पाहा, असे बजावले.