विषय ठरला, पण म्हणायचे काय?

मंठ्याहून लोणारला जायला तासभरही पुरतो. जालना जिल्ह्याची हद्द ओलांडली की बुलढाणा जिल्हा लागतो आणि थोड्याच वेळात ते गोल, खोल सरोवर समोर येते. मंठा परिसरातल्या शाळांच्या सहली तिथे जातात, कमळजा देवीला जाणारी कुटुंबे विवराच्या काठाने खाली उतरतात. सी. जे. ई. अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्याने १८२३ मध्ये या जागेची नोंद केली. त्यानंतर दीर्घकाळ अनेकांचा कल हा खड्डा ज्वालामुखीतून झाला असे मानण्याकडे होता. अख्खे दख्खनचे पठारच लाव्हारसाच्या थरांनी बनलेले असल्याने तसे वाटणे स्वाभाविक होते.

१९६४ मध्ये लाफॉन्ड आणि डिट्झ या दोन शास्त्रज्ञांनी लोणारवर एक निबंध प्रसिद्ध केला. त्याच्या शीर्षकात हे विवर उल्केमुळे झालेले आहे का, असा सवाल होता आणि शेवटी रीतसर प्रश्नचिन्ह होते. पुढे सरोवराच्या तळाला छिद्रे पाडून खोलवरच्या खडकाचे नमुने काढण्यात आले. त्यांत मॅस्केलिनाइट सापडले. प्रचंड आघाताच्या दाबाने खडकातले एक खनिज काचेसारखे होते, ते हे. ज्वालामुखीतून असा दाब निर्माण होत नाही. १९७३ मध्ये फ्रेडरिकसन, दुबे, मिल्टन आणि बालसुंदरम यांचा निबंध ‘सायन्स’ या नियतकालिकात आला. त्याच्या शीर्षकाने लोणारला बेसाल्ट खडकातले आघातविवर म्हटले होते. आता प्रश्नचिन्ह नव्हते.

नऊ वर्षांत त्या शीर्षकात जो फरक पडला, तोच संशोधन निबंध लिहायला बसलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या वाटेवरचा सर्वांत अवघड टप्पा आहे. लोणार हा विषय दोन्ही निबंधांचा होता. पहिल्याने शक्यता मांडली. दुसऱ्याने पुराव्याच्या जोरावर विधान केले, आणि ते अशा रीतीने केले की कुणाला खोडायचे असेल तर त्याने समोरचा पुरावा खोडून दाखवावा.

हा टप्पा आता मंठ्यासारख्या तालुक्याच्या गावातल्या मुलामुलींपर्यंत येऊन पोहोचला आहे. नव्या शैक्षणिक धोरणानुसार २०२३-२४ पासून राज्यातल्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात संशोधन पद्धती हा विषय आणि संशोधन प्रकल्प आले. पूर्वी जे काम प्रामुख्याने एम. फिल.-पीएच. डी.च्या उमेदवारांना करावे लागे, त्याची छोटी आवृत्ती आता एम. ए.च्या विद्यार्थ्यापुढे असते. जालना जिल्ह्यातली महाविद्यालये डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या कक्षेत येतात. विद्यार्थी ‘टॉपिक’ घेऊन ‘गाईड’कडे जातो, सिनॉप्सिस देतो, ती मंजूर होते. नेमके इथेच पाणी मुरते. टॉपिक मंजूर झाला म्हणजे काम मार्गी लागले असे त्याला वाटते. प्रत्यक्षात आपल्याला काय म्हणायचे आहे, हे त्याने अजून ठरवलेलेच नसते.

मराठीतल्या प्रबंधांच्या शीर्षकांवरून नुसती नजर फिरवली तरी एक साचा सारखा भेटतो: अमुक तालुक्यातील तमुक समस्या, मग अपूर्णविराम, मग ‘एक चिकित्सक अभ्यास’. या शीर्षकात स्थळ आहे, विषय आहे, अभ्यास करणार असल्याचे आश्वासनही आहे. मत मात्र नाही. आतली गृहीतकेही बहुधा तशीच असतात. अल्पभूधारक शेतकऱ्याची आर्थिक स्थिती बिकट असते, ग्रामीण भागातल्या स्त्रियांना अडचणी येतात, असे लिहिले की ते सिद्ध होणारच. जे खोटे ठरू शकत नाही ते तपासायला दोनशे प्रश्नावल्या भरून घेण्याची गरज नसते. दोष मुलांचा म्हणता येणार नाही. त्यांच्यापुढे नमुना म्हणून ठेवलेले जुने प्रबंध असेच असतात.

प्रतिपादन कसे उभे राहते, याचा उत्तम वस्तुपाठ ज्यांच्या नावाने हे विद्यापीठ आहे त्यांनीच घालून दिला आहे. ९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात, डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात, पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी भारतातील जातींवर निबंध वाचला. पुढच्या वर्षी तो ‘इंडियन अँटिक्वेरी’मध्ये छापून आला. शीर्षकातच त्यांनी तीन कप्पे पाडले होते: जातींची यंत्रणा, त्यांचा उगम आणि त्यांचा विस्तार. जात या अवाढव्य विषयावर बोलताना आपण नेमके कुठे उभे राहणार, हे ऐकणाऱ्याला पहिल्याच ओळीत कळत होते.

त्यानंतर त्यांनी केलेले काम आजच्या विद्यार्थ्याने सावकाश पाहावे असे आहे. सेनार, नेसफिल्ड, रिस्ले आणि श्रीधर व्यंकटेश केतकर या चौघांच्या जातीविषयीच्या व्याख्या त्यांनी समोर ठेवल्या. आपल्याकडे ‘पूर्वसंशोधनाचा आढावा’ या प्रकरणात अमुक यांनी असे म्हटले, तमुक यांनी तसे म्हटले, अशी यादी लागते आणि प्रकरण संपते. आंबेडकर प्रत्येक व्याख्येला विचारतात की यातले जातीचे मूळ लक्षण कोणते आणि नुसता परिणाम कोणता. केतकरांची व्याख्या त्यांना सर्वांत सरस वाटली. पुढे ज्ञानकोशकार म्हणून ओळखले गेलेल्या केतकरांचा जातिसंस्थेवरचा इंग्रजी ग्रंथ तेव्हा काही वर्षांपूर्वीच आला होता. केतकरांनी दोन लक्षणे दिली होती: जातीबाहेर विवाहाला बंदी, आणि जन्मानेच मिळणारे सदस्यत्व. आंबेडकरांनी दाखवले की ही दोन लक्षणे वेगळी नाहीतच. बाहेर लग्नच होत नसेल तर आत येण्याचा मार्ग जन्माखेरीज उरत नाही. म्हणजे गाभ्यात एकच गोष्ट राहते, जातीअंतर्गत विवाहाची सक्ती.

हे त्यांचे प्रतिपादन. ते एका वाक्यात मावते आणि त्याच्या पोटातून पुढचा प्रत्येक प्रश्न आपोआप निघतो. गटातच लग्ने व्हायची तर स्त्री-पुरुषांची संख्या जुळलेली हवी. नवरा आधी वारला तर मागे राहिलेल्या स्त्रीचे काय करायचे? बायको आधी गेली तर त्या पुरुषाचे काय? सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या तीन प्रथा या हिशेबातून कशा आल्या, ते त्यांनी उलगडले. ही झाली यंत्रणा. मग उगम: हा बंदिस्तपणा आधी कोणत्या वर्गाने स्वीकारला. मग विस्तार: इतर वर्गांपर्यंत तो कसा गेला. त्यासाठी त्यांनी फ्रेंच समाजशास्त्रज्ञ तार्द यांचा अनुकरणाचा सिद्धान्त वापरला आणि मनूने जात वरून लादली हे मत नाकारले. अखेरीस आपल्या प्रतिपादनाचे चार मुद्दे त्यांनी मोजून सांगितले आणि ते टिकणारे नाहीत असे कुणी दाखवले, तर सोडून द्यायचीही तयारी दर्शवली.

निबंधाचे भाग कसे पाडावेत, या प्रश्नाचे उत्तर इथेच मिळते. विस्तार आधी आणि यंत्रणा नंतर घेतली असती तर तो निबंध कोसळला असता, कारण काय पसरले हेच वाचकाला ठाऊक नसते. विधानाला आधी काय सिद्ध व्हावे लागते आणि नंतर काय, यावरून भागांचा क्रम लागतो.

न्यायमूर्ती रानड्यांच्या १९०० मध्ये प्रसिद्ध झालेल्या मराठी सत्तेच्या उदयावरील इंग्रजी ग्रंथाची अनुक्रमणिका याच दृष्टीने वाचण्यासारखी आहे. मराठ्यांचा उदय सह्याद्रीच्या रानात पेटलेल्या वणव्यासारखा अचानक भडकला, अशा अर्थाचे चित्र मराठ्यांचा इतिहास लिहिणाऱ्या ग्रँट डफने उभे केले होते. रानड्यांना ते साफ अमान्य होते. या उदयामागे समाजात दीर्घकाळ चाललेली तयारी होती आणि संतांची चळवळ तिचा भाग होती, असे त्यांचे म्हणणे. सुरुवातीच्या प्रकरणांना त्यांनी दिलेली नावे अशा आशयाची आहेत: जमीन कशी तयार झाली, बी कसे पेरले गेले, ते कसे वाढीला लागले, झाड बहरले, झाडाला फळ आले. ग्रंथ न उघडता फक्त ही नावे वाचली तरी डफला दिलेले उत्तर कळते. वणव्याला मशागत लागत नाही, झाडाला लागते. पुढे मात्र जिंजी, चौथ आणि सरदेशमुखी, दक्षिण भारत अशी निव्वळ विषयाची नावे येतात. तिथे रानड्यांना काय म्हणायचे आहे ते आत शिरल्यावरच समजते. दोन तऱ्हेच्या उपशीर्षकांतला फरक एकाच ग्रंथात असा शेजारीशेजारी दिसतो.

आता मंठ्याकडे परत यावे. या तालुक्यातल्या एखाद्या विद्यार्थिनीने ऊसतोड कामगारांच्या मुलांच्या शिक्षणावर प्रकल्प घेतला, अशी कल्पना करू. हा विषय तिला शोधावा लागणार नाही. दसरा-दिवाळीच्या सुमारास मराठवाड्यातल्या गावागावांतून टोळ्या निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाकडून घेतलेली उचल, पश्चिम महाराष्ट्रातल्या किंवा कर्नाटकातल्या कारखान्याचा फड, आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परत गाव. मुलांनी मागे राहून शिकावे म्हणून सरकारची हंगामी वसतिगृहाची योजना आहे. गावातच शाळेच्या देखरेखीखाली मुलांच्या जेवणाखाण्याची सोय करायची, असे तिचे स्वरूप.

‘ऊसतोड कामगारांच्या मुलांच्या शैक्षणिक समस्या’ हा झाला टॉपिक. त्यावर ती वाचू लागते, चार घरी बसते, बोलते. एव्हाना तिच्यापुढे खरा प्रश्न आलेला असतो. एकाच वस्तीत राहणारी, एकाच मुकादमाच्या टोळीतली दोन कुटुंबे, पण एका घरातले मूल हंगामभर शाळेत टिकते आणि दुसऱ्या घरातले गाडीत बसून फडावर जाते. असे का? या ‘का’चे जे उत्तर तिला संभवनीय वाटते, ते तिने धीर करून लिहावे. उदाहरणार्थ: वसतिगृह मंजूर आहे की नाही यापेक्षा ते किती तारखेला उघडले याने मुलाचे टिकणे ठरते, कारण टोळी निघून गेल्यावर उघडलेल्या वसतिगृहात ठेवायला मूल गावात उरलेलेच नसते.

हे खरे आहे की नाही, ते तिला अजून माहीत नाही. तरीही हे विधान कामाचे आहे, कारण ते खोटे ठरू शकते आणि ते तपासायची साधने तिच्या हाताशी आहेत. शाळेचा हजेरीपट आहे, वसतिगृहाच्या नोंदी आहेत, टोळी कोणत्या दिवशी हलली ते सांगणारी माणसे आहेत. प्रश्नावलीही आता वेगळी होते. ‘तुम्हाला शिक्षणाचे महत्त्व वाटते का?’ हा प्रश्न गळून पडतो आणि ‘गाडी गावातून कोणत्या आठवड्यात निघाली?’ हा येतो.

मधल्या प्रकरणांची नावेही हातासरशी सुचतात. टोळी गाव कधी सोडते. वसतिगृह कधी उघडते. या दोन तारखांच्या मध्ये मुले कुठे असतात. आणि चौथे, जे बहुतेक प्रकल्पांत नसते पण असायलाच हवे: वसतिगृह वेळेत उघडूनही गेलेली मुले. आपल्या विधानाविरुद्ध जाणाऱ्या नोंदींना स्वतःच्या मथळ्यासह स्थान देणे, हे प्रामाणिक संशोधनाचे लक्षण आहे. विद्यापीठाला प्रस्तावना, उद्दिष्टे, संशोधन पद्धती, व्याप्ती व मर्यादा, निष्कर्ष व शिफारशी अशी ठरीव चौकट लागते. ती असू द्यावी. परीक्षकाला त्यामुळे गोष्टी चटकन सापडतात. पण ‘तथ्य विश्लेषण’ या एका मथळ्याखाली सगळी कोष्टके कोंबली की विद्यार्थिनीचा स्वतःचा विचार तिथेच हरवतो. चौकटीतली मधली जागा तिची आहे आणि तिथली उपशीर्षके तिच्या विधानातूनच यावीत.

विधान शेवटपर्यंत जसेच्या तसे राहील, अशी अपेक्षा ठेवू नये. लोणारच्या बाबतीतही तसे झाले नाही. विवर आघाताने झाले हे १९७३चे म्हणणे टिकले. वय मात्र बदलले. एका मोजमापात ते सुमारे ५२ हजार वर्षे निघाले होते, तर २०११ मध्ये आर्गॉन पद्धतीने केलेल्या मोजमापात ते सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे आले. विधानाचा कोणता भाग हलला आणि कोणता राहिला, हे वेगळे सांगता आले तर आधीचे काम वाया जात नाही.

मंठ्याच्या प्रकल्पात असे वळण चौथ्या प्रकरणातून येऊ शकते. वसतिगृह वेळेत उघडूनही गेलेल्यांमध्ये धाकट्या भावंडाला फडावर सांभाळायला नेलेल्या मोठ्या मुलीच जास्त निघाल्या, तर तारखेचे विधान मुलांपुरते उभे राहील आणि मुलींसाठी घरातल्या लहान बाळाचा विचार करावा लागेल. मग पहिले वाक्य दुरुस्त करायचे, चौथे प्रकरण दोन भागांत फोडायचे, आणि शिफारशींत वसतिगृहाच्या तारखेसोबत फडावरच्या पाळणाघराचा मुद्दा आणायचा. मंजूर झालेले शीर्षक बदलायला वेळ नसेल, तर ते तसेच ठेवून सुधारलेले विधान प्रस्तावनेच्या शेवटच्या परिच्छेदात स्पष्ट लिहावे आणि निष्कर्षाच्या प्रकरणाची सुरुवात त्याच विधानाने करावी. परीक्षक बहुतेक वेळा हीच दोन पाने आधी उघडतात.