झाडासारखं झाड

जून २०२३ मध्ये न्यूयॉर्कला सदबीजच्या लिलावात एक चित्र ६२ लाख डॉलरच्या वर गेलं. दिमित्री चेरनियाक यांच्या ‘रिंगर्स’ मालिकेतलं, क्रमांक ८७९. मालिकेची कल्पना अगदी साधी आहे. काही खुंट्या आणि त्यांच्याभोवती ताणून गुंडाळलेली दोरी, कशी गुंडाळायची ते कोड ठरवणार. अशी हजार चित्रं निघाली आणि त्यांतल्या या एकात दोरी नेमकी हंसासारखी दिसली. चेरनियाक यांनी हंस काढायला घेतलाच नव्हता. बघणाऱ्यांनी त्याला ‘द गूस’ म्हणायला सुरुवात केली आणि भाव आभाळाला भिडला.

अपघाताने उमटलेल्या पक्ष्याला एवढी किंमत. ज्यांनी ठरवून पक्षी, झाड, घर, माणूस काढणारा कोड लिहिला, त्यांची शेकडो कामं मात्र ब्लॉकचेनवर कुणी न बघता पडून आहेत. ती उकरून बघायची, त्यांतली निवडायची, हे माझं रात्रीचं काम. नागपूरजवळच्या वाडीत, अमरावती रोडच्या अंगाला, जिथे गोदामं आणि ट्रान्सपोर्टवाले यांच्याशिवाय दुसरा धंदा नजरेत भरत नाही. इथे कुणाला हे सांगितलं की हमखास विचारतात, “म्हणजे शेअर मार्केटचं का भाऊ?”

तसं नाही, पण खुलासा करावा लागतो. या ‘जनरेटिव्ह’ कलेत कलाकार चित्र काढत नाही, चित्र काढणारा कोड लिहितो. समजा, त्याने तो ‘एफएक्सहॅश’वर ठेवला. हा मंच बाप्टिस्ट क्रेस्पी यांनी नोव्हेंबर २०२१ मध्ये टेझोस या ब्लॉकचेनवर सुरू केला. घेणारा पैसे भरून ‘मिंट’ करतो, त्याबरोबर ५१ अक्षरांची एक हॅश तयार होते आणि कोड तिच्यापासून चित्र उभं करतो. तीच हॅश पुन्हा दिली तर पान न् पान तेच झाड येतं; एक अक्षर बदला, झाड वेगळं. काय निघणार हे घेणाऱ्याला आधी माहीत नसतं, आणि कलाकारालाही नसतं.

एरिक काल्डेरॉन यांचा ‘आर्ट ब्लॉक्स’ हा असाच मंच वर्षभर आधी, नोव्हेंबर २०२० मध्ये, इथेरियम या ब्लॉकचेनवर आला होता. तिथे निवड समितीची चाळणी होती. एफएक्सहॅशवर कुणीही यावं, काहीही टाकावं. त्यामुळे ढीग तिथेच झाला आणि मी बसतो तोही त्याच ढिगाशी.

आकृती असलेली कामं मागे का पडली? एक तर टायलर हॉब्स यांच्या ‘फिडेन्झा’ने २०२१ मध्ये वळणावळणाच्या पट्ट्यांची अशी गोडी लावली की जनरेटिव्ह म्हणजे अमूर्तच, असं ठरून गेलं. दुसरं कारण जास्त चिवट आहे. ब्लॉकचेनवर चेहरा दिसला की लोकांना क्रिप्टोपंक्स आणि बोअर्ड एप या चेहऱ्यांच्या मालिका आठवतात. तिथे टोपी, चष्मा, ओठ असे तयार तुकडे एकावर एक बसवलेले असतात. त्यालाही लोक जनरेटिव्हच म्हणतात. म्हणून माझी पहिली चाळणी हीच: आकृती तुकडे जुळवून झाली आहे की कोडातून वाढली आहे? बरीचशी कामं इथेच गळतात.

उरलेल्यांचं मुखचित्र मी बघत नाही. ते कलाकाराने सर्वांत देखणं म्हणून लावलेलं असतं. मी त्या कामाची सगळी चित्रं एकत्र उघडतो आणि त्यांतलं सर्वांत फसलेलं शोधतो. अमूर्त कामात ‘चुकलं’ असं सहसा म्हणता येत नाही. पट्टी इकडे वळली काय, तिकडे वळली काय. झाडाचं तसं नाही. फांदी खोडापेक्षा जाड झाली की शाळेतलं पोरही हसतं. या कलेचा खरा कस त्या हसण्यात आहे.

कोडातल्या झाडांची रीत जुनी आहे. अरिस्टिड लिंडेनमायर या जीवशास्त्रज्ञाने १९६८ मध्ये वनस्पतींची वाढ नियमांत मांडली: एका फांदीतून दोन, त्या प्रत्येकीतून पुन्हा दोन. प्रत्येक नवशिक्याचं पहिलं झाड असंच निघतं, दोन्हीकडे सारखं, उलट्या धरलेल्या खराट्यासारखं. मी बघतो ते हे, की लिहिणाऱ्याने कधी खरं झाड न्याहाळलं होतं का. वाळून गेलेली एखादी फांदी आहे का? उजेडाकडे झुकल्याने भार एका बाजूला गेला आहे का? आणि मुख्य म्हणजे खोड जमिनीला कुठे भेटतं? निम्म्याहून जास्त कामं या एका जागी उघडी पडतात. वरचा पसारा सुंदर, बुंधा मात्र कागदावर ठेवून दिलेला. शेजारची सहावीतली मुलगी कधी कधी येऊन बघते. अशा एका चित्रावर ती म्हणाली, “काका, हे झाड तं उडून राह्यलं ना!” वहीत मी पानभर लिहिलं होतं, ते तिने एका वाक्यात निकालात काढलं.

पुढचा प्रश्न एकामागे एक येणाऱ्या वस्तूंचा. पडद्यावर हे सोपं आहे. लांबचं आधी रंगवायचं, जवळचं त्याच्यावर. मागचं आपोआप झाकतं. पण चित्र प्लॉटर या रेखाटन यंत्राच्या पेनाने कागदावर उतरवायचं असेल तर झाकलेली रेघ काढायचीच नाही, ती आधी गणिताने कापावी लागते. फ्रान्सचे झानकान यांच्या ‘गार्डन, मोनोलिथ्स’मध्ये गवताचं पातं न् पातं रेघांचं आहे. त्यांना नाव मिळालं. ब्राझीलच्या मोनिका रिझोली यांच्या ‘फ्रॅगमेंट्स ऑफ अॅन इन्फिनिट फील्ड’च्या १,०२४ फुलशेतांनाही २०२१ मध्येच मोठा भाव आला. ही अपवादाची नावं.

खरं तर कोडातून आकृती काढण्याच्या परंपरेची वाणही नाही. हॅरॉल्ड कोहेन हे ब्रिटिश चित्रकार १९६८ मध्ये कॅलिफोर्नियाला गेले आणि सत्तरच्या दशकात त्यांनी ‘आरॉन’ हा चित्र काढणारा प्रोग्रॅम लिहायला घेतला. ऐंशीच्या दशकात आरॉन माणसं आणि झाडं काढू लागला. त्याला फोटो दाखवले नव्हते. सांधा कुठे असतो, तोल कसा सांभाळला जातो, हे कोहेन यांनी नियमांत लिहून दिलं होतं. आजच्या एआय चित्रांत आणि मी निवडतो त्या कामांत फरक आहे तो हाच. इथे कोडाला जे ठाऊक आहे ते ओळीओळीने वाचता येतं.

‘ब्लॉकचेनवर आहे म्हणजे अमर आहे’ ही समजूत मात्र सोडून द्यावी. एफएक्सहॅशवरच्या बहुतेक कामांची फाइल आयपीएफएस या जाळ्यावर असते. कुणी तरी ती सांभाळून ठेवली तरच ती उघडते. ‘हिक एट नुंक’ हा टेझोसवरचा मोठा बाजार नोव्हेंबर २०२१ मध्ये अचानक बंद झाला. मालकीची नोंद असलेले टोकन शाबूत राहिले, कारण ते ब्लॉकचेनवर होते, आणि लोकांनी नवी दारं उभी करून ते पुन्हा दिसते केले. म्हणून निवडलेल्या प्रत्येक कामाची प्रत मी उतरवून ठेवतो आणि साध्या, जुन्या फोनवर ते चालतं का हेही बघतो.

विकत मात्र क्वचितच घेतो. १ एप्रिल २०२२ पासून आपल्याकडे अशा मालमत्तेच्या नफ्यावर ३० टक्के कर आहे, वर तोटा कशातूनही वजा करता येत नाही. निवडीला मालकी लागत नाही, हे एका अर्थी बरंच आहे.

अलीकडे एका कामावर अडलो होतो. पावसातली गर्दी: छत्र्या, ओले खांदे, एकमेकांना चुकवत जाणारी माणसं. सगळ्यांचे हात खिशात किंवा छत्रीच्या आड. कोड वाचला तेव्हा कळलं की हात काढणारा भागच त्यात नाही. ही पळवाट की अक्कल? माझ्या चाळणीप्रमाणे ते गळायला हवं होतं. पण मी ते सर्वांत फसलेल्या चित्रापर्यंत तपासलं, आणि एकाही माणसाचा पाय जमिनीवरून सुटलेला नाही. ओल्या रस्त्यावर प्रत्येकाची सावली बरोबर टाचेपासून सुरू होते. पावसाळ्यातल्या सीताबर्डीच्या मेन रोडवर तरी कुणाचे हात दिसतात? घेतलं निवडीत.