निळा प्रकाश आणि डोळ्यांचे संरक्षण

निळा प्रकाश हा दृश्य वर्णपटातील सुमारे ४०० ते ५०० नॅनोमीटर तरंगलांबीचा भाग होय. सूर्य हा त्याचा सर्वांत मोठा स्रोत असून एलईडी दिवे, मोबाईल व संगणकाचे पडदे आणि वेल्डिंग हे मानवनिर्मित स्रोत आहेत. पडद्याच्या प्रकाशाने दृष्टी अधू होते, अशी समजूत प्रचलित आहे. परंतु खरा धोका तीव्र स्रोतांकडे थेट पाहण्यात असतो.

एलईडी दिवे

पांढऱ्या एलईडी दिव्यात निळ्या डायोडवर पिवळा प्रकाश देणाऱ्या द्रव्याचा थर असतो. निळ्या डायोडच्या शोधाबद्दल इसामू अकासाकी, हिरोशी अमानो व शुजी नाकामुरा यांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

डोळ्यांवरील परिणाम

पारपटल व नेत्रभिंग अतिनील किरणांचा बहुतांश भाग अडवतात. निळा प्रकाश मात्र दृष्टिपटलापर्यंत पोहोचतो. लहान मुलांचे भिंग अधिक स्वच्छ असल्याने त्यांच्या डोळ्यांत तो जास्त प्रमाणात शिरतो. सूर्याकडे वा सूर्यग्रहणाकडे टक लावून पाहिल्यास दृष्टिपटलास कायमची इजा होऊ शकते. त्या वेळी वेदना होत नसल्याने इजा लगेच लक्षात येत नाही.

पडद्याचा प्रकाश सूर्यप्रकाशाच्या तुलनेत अत्यंत क्षीण असतो. त्याने दृष्टिपटल बिघडत असल्याचे सिद्ध झालेले नाही. पडद्यापुढे डोळे कोरडे पडतात व चुरचुरतात, ते मुख्यतः पापण्या कमी वेळा लवल्यामुळे. रात्रीचा निळा प्रकाश मात्र झोपेशी संबंधित मेलाटोनिन या संप्रेरकाचे स्रवण मंदावतो.

महामार्गालगतचा धोका

पालघर जिल्ह्याच्या तलासरी तालुक्यातील अच्छाड हे गाव मुंबई–अहमदाबाद महामार्गावर, गुजरातच्या सीमेलगत आहे. मालवाहू वाहनांची वर्दळ असलेल्या अशा मार्गांलगत वाहनदुरुस्ती व वेल्डिंगची कामे उघड्यावर चालतात. वेल्डिंगच्या झोतातील अतिनील किरणांनी पारपटल भाजते. काही तासांनी डोळ्यांत वाळू गेल्यासारखी टोचणी लागते व पाणी वाहते. त्यातील तीव्र निळ्या प्रकाशाने दृष्टिपटलासही इजा होऊ शकते. कारागिराइतकाच जवळ उभे राहून पाहणाऱ्या मुलांनाही हा धोका असतो.

संरक्षणाचे उपाय

* वेल्डिंग करताना योग्य गडद काचेची ढाल वापरावी. साधा काळा चष्मा पुरेसा नसतो. कामाभोवती आडोसा करावा.
* सूर्यग्रहण प्रमाणित ग्रहण-चष्म्यातूनच पाहावे. जुनी क्ष-किरण फिल्म वापरू नये.
* पडद्यावर काम करताना दर २० मिनिटांनी सुमारे २० फूट अंतरावरील वस्तूकडे २० सेकंद पाहावे.
* झोपेपूर्वी एक-दोन तास मोबाईल दूर ठेवावा.
* दुखणे, धूसरपणा वा दृष्टीच्या मध्यभागी काळा डाग जाणवल्यास नेत्रतज्ज्ञांकडे जावे.

निळा प्रकाश रोखणाऱ्या चष्म्यांनी डोळ्यांचा ताण कमी होण्याची शक्यता अल्प असल्याचा निष्कर्ष कॉक्रेन संस्थेच्या २०२३ मधील आढाव्यात काढण्यात आला. अमेरिकेतील नेत्रतज्ज्ञांची अकादमीही संगणकावरील कामासाठी असे चष्मे सुचवत नाही. वेल्डिंग किंवा ग्रहणाच्या वेळी तर ते मुळीच संरक्षण देत नाहीत.