बंदराचा नफा आणि किनाऱ्याचा हिशेब

पुंडलिकनगरात आम्हा कापडवाल्यांची बैठक बसली की विषय मालाचा, उधारीचा आणि भाड्याचा. वाढवण बंदराची बातमी आली तेव्हा सगळे खूश झाले. वाळूज-चिकलठाण्याचा माल आज न्हावाशेव्याला जातो. आणखी एक मोठे बंदर झाले तर गर्दी घटेल, भाडे उतरेल, असा आमचा सरळ हिशेब होता. मीही त्यात मान डोलावली.

पुढे मुंबईहून सुरतेला माल घ्यायला निघालो. वाटेत डहाणू रोडला एक तरुण कारागीर शेजारी येऊन बसला. दागिन्यांच्या डाय बनवणारा. वाढवण, वरोर, चिंचणी या गावांत हा धंदा घरोघरी चालतो. त्याच्या घरात एक भाऊ डाय कोरतो आणि दुसरा होडी घेऊन समुद्रात जातो. मी बंदराची तारीफ केली. तो म्हणाला, "चाचा, आमचे घर जाणार नाही म्हणतात. पण आमचा अर्धा चुलीचा खर्च समुद्रातून येतो. त्या समुद्राचा सातबारा कुणाच्या नावावर आहे?" माझ्याजवळ जवाब नव्हता.

वाचकहो, हे प्रकरण आजचे नाही. 20 जून 1991 रोजी केंद्राने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरवला. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर 1996 साली त्यासाठी खास प्राधिकरण नेमले गेले. न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी त्याचे अध्यक्ष होते. या प्राधिकरणाने 1998 साली वाढवणला बंदर नाकारले. त्याच प्राधिकरणाने 31 जुलै 2023 रोजी अटी घालून परवानगी दिली. 30 ऑगस्ट 2024 रोजी पालघरला पायाभरणी झाली.

बंदराचा फायदा खोटा नाही. तिथे सुमारे 20 मीटर खोल पाणी नैसर्गिकरीत्या मिळते, त्यामुळे मोठी जहाजे लागतील. खर्च 76,220 कोटी रुपये धरला आहे. पण त्याच कागदात 1,448 हेक्टर समुद्रात भराव आणि 10 किलोमीटरहून लांब लाटरोधक भिंतही आहे. भिंत उभी राहिली की लाटांची दिशा बदलते. लाटेबरोबर वाहणारी वाळू एका जागी साठते, दुसरीकडे किनारा खचतो. वाढवणच्या खडकाळ किनाऱ्यावर भरती-ओहोटीच्या पट्ट्यात मासळीची पिल्ले वाढतात. पाण्याची चाल बदलली तर जाळ्यात येणारा मालही बदलणार.

दक्षिण अमेरिकेतील पेरू देशात लोक फळीवर उभे राहून लाटांवर खेळतात. चुकीच्या जागी धक्का बांधला तर चांगली लाट कायमची मरते. म्हणून त्या देशाने 2000 साली अशा लाटांना कायद्याचे संरक्षण दिले. तिथे लाट ही देशाची दौलत मानली गेली. आपल्याकडे ज्या पाण्यावर चूल पेटते, ते तर त्याहून मोलाचे.

आपण व्यापारी खतावणीत जमा आणि नावे दोन्ही बाजू लिहितो. एकच बाजू लिहिणाऱ्या मुनिमाला आपण दुकानात ठेवणार नाही. मग स्वस्त भाडे आपल्या जमेला आणि त्याची किंमत दुसऱ्याच्या नावे, हा कुठला हिशेब?

मागून मिळते, हेही पाहा. मुंबईच्या सागरी किनारा मार्गावर वरळी कोळीवाड्यासमोर दोन खांबांमध्ये 60 मीटर अंतर ठरले होते. होड्या कशा जाणार, असे विचारत कोळी बांधव अडून बसले. शेवटी ते 120 मीटर करावे लागले.

म्हणून आपल्या व्यापारी संघटनांनी बंदराचे स्वागत करताना दोन मागण्याही लिहून द्याव्यात. ज्यांच्या नावावर जमीन नाही पण ज्यांची रोजी समुद्रावर आहे, त्यांची नोंद आणि भरपाई आधी व्हावी. आणि किनारा दरवर्षी मोजून त्याचा अहवाल गावात मराठीत लावावा. उद्या आपला कंटेनर त्याच पाण्यावरून जाईल. त्याच्या भाड्यात कुणाची रोजी बुडालेली नसावी.