क्लिक काढा, काकांना वाजवू द्या

धुळ्यातून वेगळा होऊन नंदुरबार जिल्हा झाला तो १ जुलै १९९८ ला. त्याच हिवाळ्यात, लग्नसराईच्या आत, आम्ही कळसाडीच्या बँडवाल्यांनी पावरीच्या चालींची कॅसेट सुरतेला रेकॉर्ड केली. मुंबई परवडणारी नव्हती आणि नंदुरबारहून सुरतेला थेट गाडी.

पावरी हे मूळचं डांगाकडच्या कोकणा लोकांचं वाद्य. दुधी भोपळा, बांबूच्या नळ्या, आणि फुंक तुटू द्यायची नाही. खान्देशातल्या बँडांनी ती चाल कीबोर्डवर उचलली, खाली ऑक्टोपॅड न् ढोल घातला आणि वरातीत म्हातारेही नाचू लागले. अमेरिकेत ज्याला कंट्री-रॉक म्हणतात त्याचीही जात हीच: चाल गावची, ठोका शहरातला.

वादक स्टुडिओवाल्यानेच बोलावले. गरब्याच्या ऑर्केस्ट्रात मुरलेले, तासावर पैसे घेणारे. गिटारवाल्याने चाल एकदा ऐकली, वहीत नुसते कॉर्ड लिहिले आणि दुसऱ्या टेकला ओके करून चहाला गेला. आम्ही तीच चाल दिवाळीपासून घोटत होतो. राग आला, खोटं कशाला बोलू!

अडलं ते ढोलावर. आमचा ढोलवाला धडगावकडचा, वयाने सगळ्यांत मोठा. एसीत ढोलाचं चामडं उतरायचं, मग तो ते बाहेर उन्हात तापवून आणायचा. मशीन आठ ट्रॅकचं, टेप व्हिडिओ कॅसेटएवढी, आणि कानात हेडफोनमधून लय बांधून ठेवणाऱ्या क्लिकची टिक-टिक. दोन आवर्तनं नीट जायची, मग हात पुढे पळायचा. पळणारच, नाच चढला की ढोल चढतो, त्याशिवाय नाचणाऱ्याचा पाय उचलत नाही. रेकॉर्डिस्ट पुन्हा पुन्हा थांबवत होता. शेवटी तो गिटारवालाच म्हणाला, "क्लिक काढा. काकांना वाजवू द्या, आम्ही मागे येतो." ढोल आधी घेतला. मग ऑक्टोपॅडवाला डोळे मिटून, ओठांत बोल मोजत, त्या चढत्या लयीवर असा बसला की कुठे सांधा दिसेना. माझा राग तिथेच उतरला.

कंट्री-रॉकवाल्यांकडे हेच उलट्या बाजूने घडलं होतं. मार्च १९६८ मध्ये ‘द बर्ड्स’ हा लॉस एंजेलिसचा रॉक बँड ‘स्वीटहार्ट ऑफ द रोडिओ’ या अल्बमसाठी नॅशव्हिलला गेला, तेव्हा त्यांनी लॉइड ग्रीन या तिथल्या स्टील गिटारवाल्याला बोलावलं होतं. कुठे वाजवू, असं ग्रीननी विचारलं तर उत्तर आलं, सगळीकडे! तिथे बँडने भाड्याच्या वादकाला मोकळं सोडलं. सुरतेत भाड्याच्या वादकाने आमच्या माणसाला.

कॅसेटच्या कव्हरवर गायकाचा फोटो आला, बँडचं नाव आलं. गिटारवाल्याचं नाही. हा रिवाज जुनाच. मारुतीराव कीर, अमृतराव काटकर ही आर. डी. बर्मनच्या ताफ्यातली मराठी माणसं. त्यांचे ठोके घरोघरी पोचले, नावं किती घरांत ठाऊक आहेत? ग्रेगरी बूथ या परदेशी अभ्यासकाने अशा वादकांच्या आठवणी ‘बिहाइंड द कर्टन’मध्ये छापल्या, त्या २००८ साली.

आता कॅसेट गेली. अहिराणी गाणी यूट्यूबवर धडाक्यात चालतात आणि ढोलाचा लूप कीबोर्डमध्ये भरलेला असतो. तो लूप काही आपणहून चढत नाही. पोरं त्याच्यावरही मजेत नाचतात. कीबोर्डवाल्याचा डावा हात मात्र टेम्पोच्या बटणावर असतो. वरात नवरीच्या दाराशी आली की तो ते गुपचूप वाढवत नेतो.